दाहोमेचे राजे आणि गुलामांचा व्यापार: भागीदार, दलाल की आणखी काही?

सुपारीफूल
नमस्कार मंडळी. मी अटलांटात राहते. परवा जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातला एक जण सहज बोलून गेला, "आफ्रिकेतल्या राजांनीच आपली माणसं विकली, मग सगळा दोष गोऱ्यांना का?" मला काहीतरी बोलायचं होतं, पण हातात मुद्दा नव्हता. घरी येऊन वाचत सुटले ती दाहोमेपाशी येऊन अडकले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दाहोमे म्हणजे आजच्या बेनिन देशाचा दक्षिण भाग. फॉन लोकांचं राज्य, राजधानी आबोमे, समुद्रापासून शंभरेक किलोमीटर आत. आगाजा राजाने १७२४ मध्ये आलादा जिंकलं आणि १७२७ मध्ये किनाऱ्यावरचं हुएदा राज्य. त्याबरोबर वीदा बंदर हातात आलं. या एका बंदरातून सगळ्या काळात मिळून सुमारे दहा लाख माणसं जहाजांवर चढवली गेली. याहून मोठं बंदर आफ्रिकेत एकच, अंगोलातलं लुआंडा.

माझं आत्तापर्यंतचं मत: दाहोमेचे राजे धंद्याचे बरोबरीचे भागीदार होते. पण मग तो सहकारी बरोबर ठरतो, आणि ते काही केल्या पटत नाही. जाणकारांनी बोलावं.

कडक_चहा
रुमाल टाकून ठेवतो.

आगाऊ_कार्टी
बायकांच्या फौजेचा तो २०२२ चा हॉलिवूडपट, तेच ना हे राज्य? त्यात तर राजा गुलामांचा धंदा सोडून पामतेलाकडे वळायला निघालेला दाखवलाय.

जुनी_वही
@आगाऊ_कार्टी, तेच. फौज खरी, राजा गेझोही खरा (१८१८ ते १८५८). त्याचं मन वळलं हे मात्र पटकथेतलं. खऱ्या गेझोच्या दरबारी १८५० मध्ये फोर्ब्स आणि बीक्रॉफ्ट हे इंग्रज वकील गेले, हा व्यापार सोड म्हणून विनवलं. त्याने साफ नकार दिला. पामतेलावर माझा दरबार आणि फौज चालणार नाही, हा त्याचा मुद्दा. शेवटी इंग्रजी आरमाराने किनाऱ्याची नाकेबंदी केली तेव्हा १८५२ मध्ये तहावर सही केली आणि पाचेक वर्षांत पुन्हा तोच धंदा सुरू केला.

@सुपारीफूल, तुमच्या सहकाऱ्याने एक गोष्ट गृहीत धरली आहे: की फॉन राजा, माही शेतकरी आणि योरुबा विणकर हे सगळे एकमेकांना एकाच समाजातले समजत होते. तसं नव्हतं. दाहोमेच्या राजाच्या लेखी माही हे शत्रू, योरुबांचं ओयो साम्राज्य हे खंडणी उकळणारं वरचढ राज्य. ओयोच्या घोडदळाने १७२६ पासून दाहोमेवर एकामागून एक स्वाऱ्या केल्या, आणि पुढे दाहोमेला दरवर्षी ओयोला खंडणी भरावी लागली. ती थेट गेझोने १८२३ च्या सुमारास बंद केली. म्हणजे जवळजवळ शतकभर हे राज्य स्वतःच दुसऱ्याच्या टाचेखाली होतं. राजाचा नियम असा की दाहोमेच्या प्रजेला परदेशी विकायचं नाही. विकायचे ते युद्धकैदी. हा नियम मोडलाही जाई, पण नियम होता.

निवांत_पाटील
जुनी_वही ताई, आदर आहे, पण हे सारवासारव वाटतं. परकी माणसं विकली म्हणून पाप हलकं होतं का? युद्धकैदी म्हणता, पण ती युद्धं कशासाठी होत होती? दरवर्षी कोरडा हंगाम आला की फौज निघायची. गाव झोपेत असताना पहाटे वेढा घालायचा, म्हातारे मारायचे, तरणेताठे बांधून न्यायचे. याला युद्ध म्हणायचं की पीक काढणं?

जुनी_वही
हलकं होतं असं मी कुठे म्हटलं? कुणी कुणाचा विश्वासघात केला, एवढ्यापुरतंच बोलत होते.

अर्धवट_ज्ञानी
पाटीलसाहेबांशी अर्धा सहमत. पण युरोपियन आले नसते तर एवढी मागणी कुठून आली असती? ब्राझीलची उसाची शेतं, नंतर क्युबा. एकूण सुमारे सव्वा कोटी माणसं आफ्रिकेतून जहाजांवर चढवली गेली, त्यातली एक कोटी सात लाखांच्या आसपास पलीकडे जिवंत उतरली. मधली अठरा लाख समुद्रात. तो हिशेब आबोमेच्या राजाच्या खात्यावर टाकता येणार नाही. जहाज त्याचं नव्हतं.

बंदरावरचा
जहाजाचा विषय निघालाच आहे तर. मी मालवाहू जहाजावर होतो, कोटोनूला लागलोय. हे वीदा 'बंदर' म्हणजे काय ते समजून घ्या. धक्का नाही, खाडीचं तोंड नाही, आडोसा नाही. सरळ उघडा किनारा, त्यावर बाराही महिने फुटणाऱ्या लाटा. जहाजं लांब नांगर टाकून उभी राहायची आणि माल होड्यांतून लाटांवरून न्यायचा. हे काम येरागबाळ्याचं नाही, म्हणून गोल्ड कोस्टवरून, म्हणजे आजच्या घानातून, खास नावाडी आणत. होडी उलटली की बेड्या घातलेली माणसं तळाला जात, शिवाय शार्क.

आणि गाव किनाऱ्यावर नाहीच. चार किलोमीटर आत, मध्ये खाजण. म्हणजे गोऱ्यांना स्वतःच्या बळावर काहीच शक्य नव्हतं. त्यांचे किल्ले गावात, मातीच्या भिंतींचे, राजाच्या मर्जीवर उभे. पाणी, अन्न, हमाल, नावाडी, सगळं स्थानिक. राजाने तोंड फिरवलं असतं तर त्यांचं काय चाललं असतं? त्यामुळे मला तरी 'बिचारे राजे' हे पटत नाही.

मी_बार्देशकर
@बंदरावरचा, त्या किल्ल्यांतला एक पोर्तुगीज होता, साओ जुआंव बाप्तिश्ता द आजुदा, १७२१ चा. आमच्या गोव्याशी त्याचं नातं ऐका. गुलामांचा धंदा संपला, फ्रेंचांनी १८९४ पर्यंत दाहोमे गिळलं, तरी हा टीचभर किल्ला पोर्तुगालने सोडला नाही. आत सरकारी म्हणून दोन-तीन माणसं, वर झेंडा. १९६० मध्ये दाहोमे स्वतंत्र झालं आणि त्यांनी निर्वाणीचा इशारा दिला. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार, त्याचा हुकूम सुटला: शरण जाऊ नका, जाळून टाका. ऑगस्ट १९६१ मध्ये किल्ला पेटवून ते निघाले. चार महिन्यांनी, १९ डिसेंबरला, आमच्याकडे तोच सालाझार, आणि शेवटच्या माणसापर्यंत लढा हाच हुकूम. सुदैवाने आमच्या गव्हर्नरने तो ऐकला नाही.

कडक_चहा
काय सांगता! हे आम्हाला शाळेत का नाही शिकवलं?

आगाऊ_कार्टी
शाळेत आम्हाला सालाझारच नाही शिकवला, तुम्ही किल्ल्याचं काय घेऊन बसलात.

काजूवाला
धागा बघून राहवलं नाही. आमचा चंदगडकडे काजू सोलायचा कारखाना. कच्चा माल कोकणातला पुरत नाही, आफ्रिकेतून येतो, त्यात बेनिनचाही यायचा. (२०२४ पासून त्यांनी कच्चा काजू बाहेर पाठवायला बंदी घातली, आमच्या पोटावर पाय. असो.) त्या निमित्ताने कोटोनूला जाणं झालं आणि एका रविवारी वीदाला.

कोटोनूपासून चाळीसेक किलोमीटर. झोपाळू गाव. अजगरांचं देऊळ आणि त्याच्या समोर ख्रिस्ती बॅसिलिका, एकमेकांकडे बघत. अजगर खरेखुरे, गाइड गळ्यात घालतो. मी नको म्हटलं. तिथून समुद्राकडे मातीचा रस्ता जातो, त्याला गुलामांचा मार्ग म्हणतात, आणि शेवटी वाळूत मोठी कमान, 'परत न येण्याचं दार'. ती कमान १९९५ ची. वाटेत एका झाडाची जागा दाखवतात: पुरुषांना त्याभोवती नऊ आणि बायकांना सात फेऱ्या घालायला लावायचे म्हणे, म्हणजे गाव, नाव सगळं विसरावं.

मला सगळ्यात जास्त खटकलं ते वेगळंच. रस्त्याची सुरुवात होते त्या चौकाला 'चाचा' चौक म्हणतात. चाचा म्हणजे फ्रांसिस्को फेलिक्स द सौझा, ब्राझीलहून आलेला गुलामांचा व्यापारी, गेझोचा जिवलग. त्याचं घराणं आजही तिथे आहे, मानमरातब आहे, चाचा ही पदवी अजून घराण्यात चालते. आणि गाइड मला सांगतो, त्याची स्वतःची आई माही. म्हणजे ज्यांना धरून नेलं त्यांच्यातली. दोन्हीकडची नातवंडं एकाच गावात, एकाच बाजारात.

जुनी_वही
काजूवाले दादा, सुंदर लिहिलंत. एक भर: झाडाच्या फेऱ्यांबद्दल इतिहासकार बरीच शंका घेतात. १९९० च्या दशकात पर्यटनासाठी जो मार्ग आखला त्यात ही कथा ठसली. गाइड सांगतो म्हणून खोटं असं नाही, पण अठराव्या शतकातला पुरावा म्हणून वापरू नये.

अजगरांवरून आठवलं. हुएदा लोकांचं दैवत अजगर, दांग्बे. १७२७ मध्ये आगाजाची फौज आली तेव्हा नदीच्या उतारावर पहारा ठेवण्याऐवजी हुएदांनी दांग्बेवर भिस्त ठेवली. दाहोमेची माणसं बिनविरोध पार झाली आणि गावात शिरून पवित्र अजगर मारून खाल्ले, असं त्याच वर्षी तिथे आलेल्या स्नेलग्रेव्ह नावाच्या कप्तानाने लिहून ठेवलंय.

निवांत_पाटील
म्हणजे हुएदा राज्य निष्पाप, आणि दाहोमे रानटी, असं चित्र काढायचं का?

जुनी_वही
उलट. हुएदा राज्य स्वतः धंद्यात आकंठ बुडालेलं होतं. वीदाचा सगळ्यात तेजीचा काळ दाहोमेने जिंकण्याच्या *आधीचा*, १७०० ते १७२५. आगाजाने जिंकल्यावर निर्यात घटली, पुन्हा त्या पातळीला फारशी गेली नाही. त्यावरूनच अकिंजोगबिन या नायजेरियन इतिहासकाराने मांडलं की आगाजा किनाऱ्यावर उतरला तो हा व्यापार बंद करायलाच. आगाजाने एका इंग्रज कैद्याच्या हातून इंग्लंडच्या राजाला पत्रही पाठवलं होतं. रॉबिन लॉ वगैरे बाकीच्या इतिहासकारांना हे पटलं नाही. आगाजाने बंदर जिंकून लगेच व्यापाऱ्यांना बोलावून घेतलं, आणि घट झाली ती लढायांनी वाटा बंद पडल्या म्हणून, असं त्यांचं म्हणणं. मला दुसरी बाजू जड वाटते.

कारण पुढच्या राजांचं वागणं बघा. १७५०, १७९५, १८०५, १८११: दाहोमेने आपले वकील ब्राझीलमधल्या बाइयाला आणि लिस्बनला पाठवले. मागणं एकच, तुमची जहाजं फक्त आमच्या बंदरात येऊ द्या, शेजारच्या पोर्तो-नोव्होला नको. हे बळी पडलेल्या माणसाचं वागणं नाही, मक्तेदारी मागणाऱ्या व्यापाऱ्याचं आहे. १८११ मध्ये गेझोच्या आधीच्या आदांदोझान राजाने भेट म्हणून पाठवलेलं सिंहासन रिओच्या राष्ट्रीय संग्रहालयात होतं. २०१८ च्या आगीत जळालं.

सुपारीफूल
बापरे, वकील पाठवून! म्हणजे माझं 'भागीदार' बरोबर. पण @अर्धवट_ज्ञानी यांचा मुद्दाही सोडवत नाही.

अर्धवट_ज्ञानी
आता बंदुकांकडे या ना कुणीतरी. बंदूक हवी तर माणूस विका, माणूस धरायचा तर बंदूक हवी. शेजारी विकत घेतोय आणि तुम्ही घेतली नाही तर उद्या तुम्ही विकले जाणार. या चक्रातून बाहेर कसं पडायचं?

निवांत_पाटील
बाहेर पडलेलेही होते ना. नोकुए तलावातलं गान्व्हिए गाव बघा. पाण्यात खांबांवर घरं. धाडींपासून पळालेल्या तोफिनू लोकांनी वसवलं. सांगतात की फॉन सैनिकांना पाण्यात उतरायची धार्मिक बंदी होती. आज पर्यटक होड्यांतून फोटो काढतात. राज्य नव्हतं त्यांच्याकडे, बंदुका नव्हत्या, पण वाट काढली. मग राजाला काय अडचण होती?

काजूवाला
गान्व्हिएला गेलोय. बाया होडीतच बाजार मांडतात. तो तलाव वेढा घालायला किती अवघड आहे ते बघितलं की फॉन लोकांची बंदी वगैरे कशाला, साधी अक्कल पुरे.

मी_बार्देशकर
बंदुकांइतकंच कवड्यांबद्दलही बोला. मालदीवमधल्या कवड्या बंगाल आणि श्रीलंकेमार्गे लंडन-ॲमस्टरडॅमला जायच्या, जहाजाला वजन म्हणून तळात भरून. तिथून पिंपांत घालून वीदाला. तिथे त्या चलन: चाळीस कवड्यांची एक माळ, तसा हिशेब. माणसाची किंमत हजारो कवड्यांत ठरायची. बाजारात भाजी घ्यायलाही त्याच. जोडीला आपल्याकडचं सुती कापड, गुजरातचं आणि कोरोमंडलचं. फ्रेंचांनी पाँडिचेरीचं निळं कापड आफ्रिकेत कितीतरी वर्षं खपवलं. आणि बाइयाहून तंबाखू, काकवीत भिजवलेला हलका माल, जो पोर्तुगालला चालायचा नाही पण वीदाला अतोनात आवडायचा. त्यामुळेच वीदात ब्राझीलवाल्यांचं वजन जास्त. त्या मालदीवच्या कोळिणीला किंवा भडोचच्या विणकराला कल्पना तरी असेल का?

आगाऊ_कार्टी
म्हणजे आता भडोचच्या विणकरांनीपण माफी मागायची का? 😀

मी_बार्देशकर
नाही हो. पण 'राजांनी विकलं, गोऱ्यांनी घेतलं' एवढ्यात हा धंदा मावत नाही. आणि आमच्या गोव्यात पोर्तुगीज घरांत मोझांबिकहून आणलेले गुलाम होतेच, तेव्हा आपण लांबून बघणारे पंचही नाही.

बंदरावरचा
गोवाच कशाला, पेशवाईतल्या कुणबिणी? खरेदीविक्री होत होती, दफ्तरात नोंदी आहेत. आणि इकडे जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्यांना. त्यांना हा दुवा दीडशे वर्षांपूर्वी दिसला होता.

निवांत_पाटील
आता पेशवे आले म्हणजे धागा शंभरी गाठणार.

संपादक
कुणबिणींवर स्वतंत्र धागा काढावा, जरूर वाचू. इथे कृपया दाहोमेवरच राहू या.

टेक्सासचा_तात्या
उशिरा आलो. सुपारीफूलताई, तुम्ही अटलांटात म्हणजे अलाबामातलं मोबाइल नावाचं गाव तुमच्यापासून गाडीने पाच-सहा तास. एकदा आफ्रिकाटाउनला जाऊन या. १८६० मध्ये, अमेरिकेत गुलाम आणायला बंदी होऊन पन्नास वर्षं उलटल्यावर, टिमोथी मिअर नावाच्या धनिकाने पैज लावून 'क्लोटिल्डा' नावाचं जहाज वीदाला पाठवलं. गेझोचा मुलगा ग्लेले राजा, त्याच्या फौजेने धरलेली सुमारे ११० माणसं आणली आणि पुरावा नको म्हणून जहाज जाळून बुडवलं. सांगाडा २०१९ मध्ये ओळखला गेला. त्यातला कोसोला, ज्याला इथे कजो लुइस म्हणत, १९३५ पर्यंत जगला. आपलं गाव पहाटे कसं वेढलं, बायकांची फौज कशी आत घुसली, हे त्याने स्वतः सांगून ठेवलंय. मुक्त झाल्यावर या लोकांना परत जायचं होतं, भाड्याला पैसे नव्हते. मग मिअरकडेच जमीन मागितली. फुकट दिली नाही. मोलमजुरी करून विकत घेतली आणि गाव वसवलं.

तुमच्या सहकाऱ्याला एवढंच विचारा: ग्लेलेने विकलं, कबूल. पण मिअरवर काय कारवाई झाली? काहीही नाही. खटला उभा राहिला आणि विरून गेला.

कडक_चहा
तात्या, दंडवत. हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून टाका.

निवांत_पाटील
तात्यांशी सहमत, पण एक बाजू राहतेय. बेनिनने स्वतः काय केलं? अध्यक्ष केरेकू १९९९ मध्ये बाल्टिमोरच्या एका चर्चमध्ये गेले आणि आफ्रिकनांच्या सहभागाबद्दल कृष्णवर्णीयांची माफी मागितली. राष्ट्राध्यक्ष, हां. त्यांनी 'आमचे राजे परिस्थितीचे बळी होते' असं म्हटलं नाही. म्हणून मी आधीपासून सांगतोय की सारवासारव नको. ज्यांचे राजे ते मान्य करतात, मग आपण का मुलामा द्यायचा?

जुनी_वही
मान्य. पण तिथेही गुंता आहे. २०२१ मध्ये फ्रान्सने २६ वस्तू परत केल्या, त्यात गेझोचं सिंहासन, ग्लेले आणि बेहांझिन यांचे पुतळे. लोक रस्त्यावर उतरून नाचले. फ्रेंचांशी लढलेला बेहांझिन त्यांचा वीरपुरुष, आणि ग्लेले त्याचा बाप. माहींच्या गावात त्याच सिंहासनाकडे कसं बघत असतील?

आणि अजून एक. घराण्यातलेही सुटले नाहीत. परंपरा सांगते की गेझोची आई (काहींच्या मते सावत्र आई) ना आगोंतिमे हिला आदांदोझानने ब्राझीलला विकून टाकलं. गेझोने गादी मिळवल्यावर तिला शोधायला माणसं पाठवली. ब्राझीलच्या साओ लुईसमध्ये 'कासा दास मिनास' म्हणून एक देवघर आहे, तिथे दाहोमेच्या राजघराण्याच्या दैवतांची पूजा होत आली आहे. ते तिनेच स्थापलं असावं, असा पिएर व्हेर्जे या फ्रेंच अभ्यासकाचा तर्क. आदांदोझानचं नाव मात्र दाहोमेच्या राजांच्या अधिकृत यादीतून पुसलं गेलं.

आगाऊ_कार्टी
आई विकली गेली, शोधायला माणसं पाठवली, आणि मग स्वतः चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या आया विकल्या? 😶

जुनी_वही
हो.

सुपारीफूल
सगळ्यांचे आभार. तात्यांचा प्रश्न मी उद्या विचारणार आहे, पण शेपूट जोडून. जमेल तसं सांगेन की दाहोमेचे राजे भागीदार होते, वकील पाठवून धंदा मागत होते, आणि त्यांच्याच देशाच्या अध्यक्षाने त्याबद्दल माफी मागितली आहे. मग विचारेन की दुसऱ्या भागीदाराचं काय. दोन भागीदारांपैकी एकाचं नाव घेतलं म्हणजे दुसऱ्याचा हिस्सा कमी होत नाही. पाटीलसाहेब, चालेल?

निवांत_पाटील
चालेल. फक्त 'भागीदार' म्हणताना नफा कुठे गेला तेही सांगा. दाहोमेला मिळाल्या कवड्या, दारू, बंदुका, तंबाखू. कवड्या तर एकोणिसाव्या शतकात हॅम्बुर्गच्या व्यापाऱ्यांनी झांजिबारहून जहाजं भरभरून आणल्या आणि भाव मातीत गेला. ब्राझील-अमेरिकेत मिळाली जमीन, साखर, कापूस, कारखाने, बँका. वाटा बरोबरीचा नव्हता.

अर्धवट_ज्ञानी
+१. माझंही हेच म्हणणं होतं, पण मला दोन ओळींत सांगता आलं नाही.

कडक_चहा
@काजूवाला, त्या बाजूला जायचं तर काय काय लागतं? डिसेंबरात बघतोय.

काजूवाला
ई-व्हिसा मिळतो, फार त्रास नाही. यलो फिवरची लस आणि पिवळं कार्ड मात्र न चुकता. परत येताना विमानतळावर कार्ड नसलं तर सरळ क्वारंटाइनमध्ये ठेवतात. फ्रेंच थोडी शिकून जा, इंग्रजीवर काही होत नाही. आणि आबोमेच्या राजवाड्यांना पूर्ण दिवस ठेवा. मातीच्या भिंतींवरची उठावाची चित्रं बघा. एकेका राजाच्या लढाया त्यांनी स्वतःच कोरून ठेवल्यात, कैद्यांसकट.